जुलै उजाडला की ग्राफीन दिसेनासं होतं: दरवर्षीचं एक दुखणं

ग्राफीन म्हणजे ग्रॅफाइटचा एका अणूच्या जाडीचा पदर; टेपनं ग्रॅफाइट सोलून तो सिलिकॉनच्या चिपवर उतरवायचा आणि मायक्रोस्कोपखाली शोधायचा. मे महिन्यात एका दुपारी असे दोन-तीन चांगले एकपदरी तुकडे हमखास मिळतात. मृग स्थिरावतो, आणि मग तीच टेप, तोच ग्रॅफाइट, तोच मायक्रोस्कोप, पण चिपवर बघावं तर जाडजूड ढेकळांखेरीज काही नाही. एमएस्सीची मुलं डोळे चोळत आयपीसवर वाकून बसतात आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन सांगतंच, “मॅडम, ग्रॅफाइट खराब झालंय.” कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून राहिलेल्या ग्रॅफाइटचं गोव्यातल्या चार महिन्यांच्या पावसानं काय वाकडं होणार? ग्रॅफाइट ठीक असतो. बिघडलेलं असतं ते दुसरंच काहीतरी, आणि तेही दरवर्षी तेच असतं असं नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे. चवथीच्या सुट्टीच्या आत दहा तुकडे मिळवायचे असतील त्यांच्या कामी यावं.

“ग्राफीन दिसत नाही” या एका तक्रारीच्या पोटात तीन वेगळ्या तक्रारी असतात. ग्राफीन चिपवर आहे, पण डोळ्याला दिसत नाही. किंवा ते चिपवर चिकटलेलंच नाही. किंवा दिसतंय, मोजलंही, पण मोजमाप भलतंच सांगतंय. या तिन्हींची सरमिसळ केली की आठवडा वाया जातो. मीही घालवलेला आहे, एक नव्हे, तीन.

आधी ओळखीची चिप

आमच्याकडे एका लहान डबीत एक चिप ठेवलेली असते. तिच्यावर एक एकपदरी तुकडा आहे, त्याला लागून दुपदरी भाग आहे, आणि जागा शोधायला सोपं जावं म्हणून जवळच हिऱ्याच्या टोकानं मारलेली एक रेघ आहे. रामन वर्णपटावरून (तुकड्यावर लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशाच्या आलेखावरून) पदरांची खात्री एकदा करून झालेली आहे. या चिपवर कुणी प्रयोग करायचा नाही, टेप लावायची नाही, ती फक्त बघायची.

तक्रार आली की पहिलं काम म्हणजे ही चिप मायक्रोस्कोपखाली ठेवणं. तुकडा नेहमीसारखा दिसला तर मायक्रोस्कोप निर्दोष. मग दोष नव्या चिपमध्ये किंवा टेप लावण्याच्या पद्धतीत शोधायचा. ओळखीचा तुकडाही पुसट दिसला, तर नव्या चिपा बाजूला ठेवा आणि मायक्रोस्कोपकडे वळा. दोन मिनिटांचं काम आहे. तरी लोक ते करत नाहीत आणि थेट नवीन टेप मागवतात, हे मला कधी कळलेलं नाही.

ओळखीची चिप नसेल, तर पुढचा चांगला तुकडा मिळेल त्या दिवशीच तो बाजूला काढा. “पेपर झाला की ठेवू” असं म्हणून ठेवलेला तुकडा कधीच शिल्लक राहत नाही.

मुळात दिसतं तरी कशामुळे

हे थोडं समजून घेतलं की निम्मे बिघाड आपोआप उलगडतात. हवेत टांगलेला ग्राफीनचा एक पदर त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशातला फक्त २.३ टक्के शोषतो. काचेवर ठेवला तर डोळ्याला जवळपास दिसतच नाही. सिलिकॉनवर सिलिकॉन डायऑक्साइडचा नेमक्या जाडीचा थर असेल, तर मात्र वरून परतणारा प्रकाश आणि खालच्या सिलिकॉनवरून परतणारा प्रकाश एकमेकांना मारतात. चिप त्या रंगात काळवंडते, आणि अशा वेळी वर पडलेला तो नगण्य पदरही फरक दाखवतो. योग्य जाडी आणि योग्य रंग असेल तर हा फरक दहा टक्क्यांच्या आसपास जातो. २००४ साली मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी टेपनं काढलेले पदर शोधता आले ते याच्याच जोरावर. नोबेल २०१० मध्ये मिळालं. ऑक्साइडची जाडी वेगळी असती तर ते तुकडे समोर असूनही कुणाला दिसले नसते.

हिशेब कागदावर करता येतो. ऑक्साइडचा अपवर्तनांक १.४६ धरा. जाडीची दुप्पट गुणिले १.४६, भागिले १.५, म्हणजे चिप कोणत्या तरंगलांबीला सगळ्यात काळी दिसेल ते कळतं. २८५ नॅनोमीटरला उत्तर येतं ५५५, म्हणजे ऐन हिरवा. ३०० ला ५८४. ३१५ ला ६१३, म्हणजे नारिंगी. ९० नॅनोमीटरच्या ऑक्साइडसाठी १.५ ऐवजी ०.५ नं भागायचं. ५२५ च्या आसपास येतं. हा हिशेब सरळ उभ्या किरणांचा आहे. १०० पटीच्या लेन्समधून किरण तिरपे येतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा निळ्याकडे सरकतो. जाडीतला पाच टक्क्यांचा फरक एरवी कुणी मोजत नाही, इथे तो तुकडा दाखवतो किंवा लपवतो.

नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी ९० चा वेफर (चिपा जिच्यातून कापतात ती सिलिकॉनची चकती) घ्यायला सांगते. त्यात ही काळवंडण्याची पट्टी रुंद असते, त्यामुळे जाडी थोडी इकडेतिकडे झाली तरी चालून जातं. ३०० च्या वेफरला तेवढी माफी नाही.

पावसाला उगाच दोष दिला तो पावसाळा

काही वर्षांपूर्वी जून संपता संपता तुकडे दिसेनासे झाले. सगळ्यांनी पावसाकडे बोट दाखवलं. मी डिह्युमिडिफायर मागवला, खोलीला दुसरा दरवाजा लावून घेतला, मुलांना चपला बाहेर काढायला लावल्या. फरक शून्य. ऑगस्टमध्ये सहज म्हणून ओळखीची चिप आणि नवी चिप एका पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवली आणि दिव्याखाली बघितली. जुनी निळसर जांभळी होती. नवी स्वच्छ निळी, जांभळ्याचा मागमूस नाही.

डब्यावर ३०० चं लेबल होतं. दुसऱ्या विभागातल्या एलिप्सोमीटरवर (थराची जाडी मोजणाऱ्या यंत्रावर) चिप नेली तर ३१७ निघाली. नवा डबा उघडला होता जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाबरोबरच. ग्राफीन चिपांवर होतं, अगदी भरपूर होतं; आम्ही हिरव्या प्रकाशात शोधत होतो आणि ते नारिंगीत लपलं होतं. ६०० च्या आसपासचा फिल्टर लावल्यावर त्याच “रिकाम्या” चिपांवर सात तुकडे सापडले. विक्रेत्याला पत्र लिहिलं, उत्तर आलं की अमुक टक्क्यांची सूट लेबलवर छापलेली आहे. छापलेली होती खरी, मुंगीएवढ्या अक्षरांत.

तेव्हापासून नवा डबा उघडला की पहिली चिप ओळखीच्या चिपेशेजारी ठेवून रंग बघायचा, आणि शंका वाटली तर जाडी मोजून घ्यायची, हा नियम आहे. वेफरच्या कडेकडे जाडी बदलते, तेव्हा कडेच्या आणि मधल्या दोन्ही चिपा बघा.

ओळखीचाच तुकडा पुसट दिसतो

मग मायक्रोस्कोप. इथे पावसाचा हात खरोखर असतो.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करा, कारण ते फुकट आहे. ऑटो एक्सपोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स बंद. चौकटीत एखादं चकचकीत जाड ढेकूळ आलं की ऑटो एक्सपोजर सगळी चौकट अंधारी करतं आणि दहा टक्क्यांचा फरक त्यात बुडून जातो. जेपेगमध्ये साठवू नका, टिफमध्ये साठवा. मग फक्त हिरवा चॅनेल बघा. आमच्या ओळखीच्या चिपवर मोकळ्या जागेचा आकडा १४२ येतो, एकपदरीवर १३१, दुपदरीवर १२१. म्हणजे फरक पावणेआठ टक्के आणि पंधराच्या जवळ. तुमचे आकडे वेगळे येतील, त्याला महत्त्व नाही. पायऱ्या साधारण समान उतरल्या पाहिजेत. त्या समान नसतील तर कॅमेऱ्याची गॅमा सेटिंग (उजेडाचं आकड्यात रूपांतर कसं होतं ते ठरवणारी) बघा.

त्यानंतर दिवा. हॅलोजनच्या जागी एलईडी बसवला असेल तर प्रकाशाचा वर्णपट बदलला, आणि डोळ्याला सवय झालेला जांभळा आता वेगळाच दिसणार. यंत्र बिघडलेलं नाही, तुमच्या डोळ्याची शिकवणी नव्यानं व्हायला हवी. हिरवा फिल्टर मध्ये घातला की दोन्ही दिव्यांत चित्र जवळपास सारखं येतं. फील्ड डायफ्राम (उजेडाचं वर्तुळ लहान-मोठं करणारी झडप) चौकटीच्या कडेपर्यंत मिटवा, म्हणजे भटका प्रकाश कमी होतो. अपर्चर डायफ्रामही थोडा मिटवून बघा. तिरपे किरण कमी झाले की फरक किंचित उठून दिसतो.

आणि मग ती नकोशी शक्यता: बुरशी. किनारपट्टीवर कॅमेरा सांभाळणाऱ्या कुणालाही ती माहीत असते. ऑब्जेक्टिव्ह (चिपेकडची लेन्स) काढा, टॉर्च तिरका धरा आणि काचेत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर ग्राफीन कुठे गेलं ते कळलं. बुरशीनं प्रकाश विखुरतो, सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा येतो आणि फरक धुऊन निघतो. पुढच्या काचेवरची धूळ लेन्स पेपरनं काढता येते, आतली बुरशी मात्र सर्व्हिस इंजिनियरकडेच द्या. शर्टाच्या टोकानं पुसू नका. मी बघितलंय, म्हणून लिहितेय.

यावरचा आमचा उपाय अगदी घरगुती आहे. पावसाळ्याआधी घरी पुरुमेंत भरतात, सुकी मासळी, कोकम, मिरच्या, तसं मी सिलिका जेल भरते. ऑब्जेक्टिव्ह काढून एका लाकडी कपाटात ठेवते आणि तळाच्या फळीवर १५ वॅटचा बल्ब दिवसरात्र चालू. हवा एवढी कोमट राहिली तरी बुरशीला पुरेशी ओल मिळत नाही. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये भाजून परत निळे करायचे. गुलाबी दाणे “छान दिसतात” म्हणून तसेच ठेवणारा एक विद्यार्थी आमच्याकडे होता.

वीज गेली की वेगळाच घोळ. एसी बंद पडतो, दार उघडं ठेवलं जातं आणि बाहेरची ओली हवा आत शिरते. बाहेर २७ अंश आणि आर्द्रता नव्वद टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या आसपास असतो. मायक्रोस्कोपचं धातूचं अंग अजून २२ वरच असतं. मग लेन्सला घाम फुटतो, आणि वीज आल्यावर पहिला अर्धा तास सगळं धूसर. काही करू नका, चहा पिऊन या.

चिकटलंच नाही तर

ओळखीची चिप स्वच्छ दिसते, नव्या चिपेची जाडी बरोबर आहे, तरी तुकडे नाहीत. मग पाण्याकडे बघा. ऑक्साइडचा पृष्ठभाग पाणी ओढून घेतो. आपल्याकडच्या जुलैत उघड्यावर ठेवलेल्या चिपवर पाण्याचा अदृश्य थर बसतो, आणि ग्रॅफाइटचा खालचा पदर ऑक्साइडला धरण्याऐवजी त्या पाण्यावर टेकतो. टेप उचलली की सगळं तिच्याबरोबर परत जातं.

ॲसिटोन, मग आयसोप्रोपेनॉल, मग नायट्रोजनचा झोत, हे सगळे करतातच. ऑक्सिजन प्लाझ्मा (पृष्ठभाग साफ करणारा विद्युतभारित वायू) असेल तर तोही द्यावा, पण एक ध्यानात ठेवा: प्लाझ्मानंतर पृष्ठभाग पाण्याला जास्तच भुलतो. पाच मिनिटं गप्पा मारल्या की केलेलं पाण्यात. चिप प्लाझ्मातून निघाली की टेप तयार हवी.

खरा फरक पडतो तो पुढच्या पायरीनं. टेप चिपवर दाबली की ती तशीच, टेपसकट, १०० अंशांच्या हॉट प्लेटवर दोन मिनिटं ठेवा. मध्ये अडकलेलं पाणी आणि हवा निघून जाते आणि पदर ऑक्साइडला घट्ट टेकतो. मग चिप उतरवून पूर्ण थंड होऊ द्या आणि टेप सोला. गरम असताना सोललीत तर डिंक चिपवरच राहील. सोलण्याचा वेगही महत्त्वाचा. डाव्या हाताच्या चिमट्यानं चिप दाबून धरायची, उजव्या हातानं टेपचं टोक जवळजवळ मागे दुमडून इतकं हळू ओढायचं, की एक सेंटिमीटरला अर्धं मिनिट लागावं. फणसाच्या गऱ्यावरची पाती सोलताना घाई केली की गरा फाटतो, तसंच.

एसीच्या खोलीतली थंड चिप घेऊन व्हरांड्यातून दुसऱ्या खोलीत जाणं हा या सगळ्यावर पाणी फिरवण्याचा खात्रीचा मार्ग. डबी बंद ठेवूनच न्या आणि तिकडे गेल्यावर लगेच उघडू नका.

तोतये

पावसाळ्यात डिंकाचे डाग वाढतात, आणि त्यातले काही इतके फिके असतात की मुलं आनंदानं फोटो काढून पाठवतात. ग्राफीनच्या कडा बहुधा सरळ तुटतात आणि कोन ३० च्या पटीत येतात, ६० किंवा १२० चे कोन तर नेहमीचे. डिंकाच्या कडा गोलसर, ओघळल्यासारख्या. ग्राफीनच्या आतला रंग सगळीकडे सारखा. डिंकाचा मध्ये एक, कडेला दुसरा. डार्क फील्डमध्ये, म्हणजे फक्त तिरका प्रकाश टाकून बघितलं की, डिंक आणि धूळ लखलखतात, पातळ ग्राफीन काळंच राहतं, फार तर कडेची एक रेघ उजळते. तरी शंका राहिली तर रामन घ्या. डिंकाचा वर्णपट उंच फुगलेल्या पाठीवर बसलेला असतो आणि २९०० च्या आसपास कार्बन-हायड्रोजन बंधाचा उंचवटा दाखवतो.

रामन म्हणतो दुपदरी, डोळा म्हणतो एकपदरी

२८ फेब्रुवारीला आपण ज्या शोधाचा दिवस साजरा करतो, तो ग्राफीनवाल्यांचा शेवटचा न्यायनिवाडा. पण न्यायाधीशासमोर पुरावाही नीट मांडावा लागतो.

ग्राफीनच्या वर्णपटात जी आणि टू-डी नावाचे दोन मुख्य उंचवटे, म्हणजे पीक, असतात. ५३२ नॅनोमीटरच्या लेसरनं जी पीक १५८० ते १५८५ ला येते आणि टू-डी पीक २६७० ते २६९० च्या आसपास, आकडे प्रति सेंटिमीटरमध्ये. (पीक म्हणजे शेतातलं नव्हे, आमच्या एका मदतनिसाला वर्षभर वाटत होतं की आम्ही भाताबद्दल बोलतो.) लेसर बदलला की टू-डी सरकते, इलेक्ट्रॉन व्होल्टमागे साधारण शंभरनं. ६३३ च्या लेसरचा आकडा ५३२ च्या तक्त्यात शोधू नका. रोज सकाळी आधी उघड्या सिलिकॉनची पीक ५२०.७ ला आणून ठेवा, आणि वीज जाऊन आली असेल तर परत एकदा.

पावसाळ्यातली ठरलेली चूक ही: “टू-डी आणि जी यांचं गुणोत्तर दीडच आलं, म्हणजे दुपदरी.” असं नसतं. पाणी आणि हवेतला ऑक्सिजन ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन ओढून घेतात. भार बदलला की जी पीक वर सरकते, अरुंद होते आणि गुणोत्तर पडतं. उन्हाळ्यात तीन दाखवणारा तोच तुकडा जुलैत दीड दाखवू शकतो. पदर मोजायचे तर टू-डीचा आकार बघा. एकच सममित वक्र आणि अर्ध्या उंचीवरची रुंदी तीसच्या आत असेल तर तुकडा एकपदरी. टेपनं काढलेल्या दुपदरीत ती पन्नाशीच्या आसपास जाते आणि चार वक्र बसवावे लागतात. सीव्हीडीच्या (तापलेल्या धातूवर वायूतून वाढवलेल्या), एकमेकांवर वेडेवाकडे बसलेल्या पदरांना हा नियम लावू नका. तिथे दोन पदरही एकाच वक्रात बसल्यासारखे दिसू शकतात. लेसरची शक्ती एक मिलिवॅटच्या आत ठेवा. त्याच्या वर तुकडा तापतो, पीक खाली घसरतात आणि तुम्ही त्याला ताण समजून बसता.

१३५० ला डी पीक (पदरातले दोष दाखवणारा उंचवटा) दिसली तर तुकड्याच्या मध्यावर नेऊन परत मोजा. कडेवर ती असतेच; मध्यावरही उंच असेल तर पदर खरोखर फाटका आहे. आणि एकाच फेरीत आलेली सुईसारखी पीक म्हणजे वैश्विक किरणाचा फटका. दुसऱ्या फेरीत ती नसते.

एक गंमत शेवटी सांगते, कारण तिनं आम्हाला पंधरा दिवस नाचवलं. पावसाळ्यात दुपारी तीनलाच अंधारतं, आपण ट्यूबलाइट लावतो. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. पाऱ्याच्या प्रकाशातल्या ठळक रेषा ५४६, ५७७ आणि ५७९ नॅनोमीटरला, आणि ५३२ च्या लेसरवर त्या रामन वर्णपटात सुमारे ४८४, १४६५ आणि १५२८ ला उगवतात. जी पीकच्या अगदी उंबरठ्यावर! मुलांनी त्यांना ऑक्सिजनचे दोष, ताण, फाटलेली जी, काय काय नावं दिली. लेसरचं शटर बंद केलं आणि तरी पीक जागच्या जागी राहिली, तेव्हा उलगडा झाला.

मला प्रश्न पाठवणार असाल तर एवढं आधी लिहा: ऑक्साइडची मोजलेली जाडी (लेबलवरची नको), फिल्टर आणि लेन्स, त्या दिवशीची आर्द्रता, ओळखीचा तुकडा दिसला का, लेसरची तरंगलांबी आणि शक्ती, टू-डीची रुंदी. आणि ट्यूबलाइट चालू होती की बंद.